नाल्याकडच्या वावराबद्दल, आई-बाबांना

ती. आई, ती. बाबा,

सा. न. फोनवर काही सांगायला गेले की बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात आणि आई मध्येच पोरगी जेवली का विचारते, मग मुद्दा राहूनच जातो, म्हणून लिहूनच पाठवतेय. लांबलचक झालंय पण चष्मा लावून स्वतःच वाचा, शेजारच्या पोराला वाचायला सांगू नका, कारण यात तो नागपूरवाला फार्महाऊससाठी मागतोय त्या नाल्याकडच्या वावराचं आहे आणि ते गावभर व्हायला नको.

तुम्हाला माहीतच आहे आम्ही चिमूर तालुक्यात ताडोब्याच्या बफरला (राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्याला) लागून एका ठिकाणी राहायला गेलो होतो. भाडं किती पडलं ते सांगत नाही, बाबा ओरडतील. रिसॉर्ट म्हणतात पण तसलं नाही ते, चार-पाच खोल्या, मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, जेवण गावातल्या बचत गटाच्या बाया करतात. (आई, पाटवडीचा रस्सा तुझ्यासारखा नव्हता, पण जवळपास होता. तुमच्या जावयांनी तीन वाट्या प्यायला.) खरी गोष्ट खोल्यांची नाहीच, खोल्यांच्या मागे जी जमीन आहे तिची. काही वर्षांआधीपर्यंत तिथं सोयाबीन, चना, खालच्या अंगाला थोडा धान होत होता, आणि आता ते सगळं मुद्दाम रानाला परत दिलंय.

बाबा, तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारला असता की एवढी जमीन एकाच्या नावावर केली कशी. नाहीच केली. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला आधी सातबारा असलेला शेतकरी लागतो आणि कोरडवाहू असली तरी चोपन्न एकराच्या वर सिलिंगमध्ये (कमाल जमीन धारणेच्या कायद्यात) जाते, त्यामुळे थोडी विकत घेतलेली, थोडी दोन-तीन ओळखीच्यांच्या नावावर आणि बरीचशी गावातल्या कास्तकारांकडून सालाच्या भाड्यानं घेतलेली, असे तुकडे जोडून जोडून ते झालंय. धुरे अजून दिसतात, धुऱ्यावरची बोरं आणि बाभळी तशाच आहेत.

खरं सांगू, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं हे कोण्या आळशी माणसाचं वावर आहे. कमरेएवढं वाळलेलं गवत, मध्येच पळसाची झुडपं, कुठं जुन्या गोठ्याची अर्धी भिंत. वाटलं पैसे देऊन हे बघायला आलो का आपण! मग सकाळी एक मामा आले फिरवायला, साठीच्या आसपासचे, पायात साधी चप्पल, आणि कळलं की त्यातलं तीन एकर त्यांचंच आहे, भाड्यानं दिलेलं, आणि आता ते तिथंच पगारावर गाईड आहेत. स्वतःच्याच वावरात लोकांना फिरवतात. त्यांच्यामागं चालत जे ऐकलं ते तुम्हालाही ऐकवावंसं वाटतंय.

ते म्हणाले की नुसतं पेरणं सोडलं म्हणजे जंगल होत नाही. पहिल्या पावसात नुसता तरोटा आणि गाजर गवत आलं, माणूस दिसणार नाही एवढं, गावातले हसायचे. तरोटा फुलावर यायच्या आत उपटायचा, दरवर्षी, ते सगळं मजुरीचं काम. रायमुनिया (घाणेरी) तर मुळासकट खणून काढावी लागते, वरून कापली की दुप्पट फुटते. मग कुसळी गवत आलं, त्यानंतर पवण्या आणि मारवेल, ते आलं की चितळ, सांबर यायला लागले. झाडं मुद्दाम जास्त लावलीच नाहीत. मला वाटायचं हजार झाडं लावली म्हणजे झालं, पण मामांचं म्हणणं झाडं आपोआप येतात, बोर कोल्हा पेरतो, मोह वटवाघूळ पेरते, पळस तर हाकलला तरी जात नाही, गवताला मात्र जागा सोडावी लागते कारण वाघ शेवटी गवतावरच जगतो, म्हणजे गवत खाणाऱ्यांवर.

एक गंमत त्यांनी दाखवली ती पोरगी अजून सगळ्यांना सांगत सुटलीय. कुसळीचं एक बी तोडलं, ते टोकाला सुईसारखं आणि मागं लांब काळं शेपूट असलेलं, तेच जे आपल्या धोतराला-साडीला चिकटून बोचतं. तळहातावर ठेवलं, बोटानं थोडी थुंकी लावली, आणि ते शेपूट हळूहळू पीळ सुटल्यासारखं स्वतःभोवती फिरायला लागलं, कोणी हात न लावता! पावसात ओलं झालं की असंच फिरत फिरत ते बी जमिनीत शिरतं, सुकलं की परत पीळ घेतं, परत ओलं, परत थोडं आत. म्हणजे स्वतःच स्वतःला पेरतं. बाबा, आयुष्यभर आपण ते पायातून उपसून फेकत आलो आणि कधी बघितलंच नाही ते काय करतंय.

आणखी एक, तिथली जुनी विहीर. बिनकठड्याची होती, आपल्या नाल्याकडच्या विहिरीसारखीच, तिच्यावर त्यांनी लोखंडी जाळी टाकलीय आणि भोवती कठडा बांधलाय. रात्री डुक्कर किंवा बिबट पळताना अशा विहिरीत पडतात, मग वनखात्याला खाट सोडून काढावं लागतं आणि सगळ्यांचाच जीव धोक्यात. हे तर आपण बाकी काही न करता आजही करू शकतो. लोहाराला विचारून ठेवा, पैसे मी पाठवते.

आता जनावरांचं. जिप्सीनं बफरमध्ये एक फेरी केली, वाघ दिसला, रस्ता ओलांडून गेला, पुढं दहा-बारा गाड्या, सगळे श्वास रोखून, दिसला तेवढा दिसला. ते छानच होतं पण खरं मला त्या वावरात संध्याकाळी मचाणावर बसल्यावर जे झालं ते लक्षात राहिलं. अंधार पडायच्या जरा आधी रोही (नीलगाई) आले, पाच-सहा, निवांत चरत. मुंबईचं एक जोडपं होतं आमच्यासोबत, ते तर हरखूनच गेले, केवढाले ते कॅमेरे, ती बाई मला हळूच म्हणते "हाऊ ग्रेसफुल ना?" आणि मला हसू आवरेना कारण डोळ्यासमोर तुम्ही, हातात टॉर्च आणि वाजवायला परात, हा-हा-हा करत ह्याच रोह्यांच्या मागं तुरीतून पळताय. मग डुकरं आली, पिल्लावळ घेऊन, जमीन उकरत. त्यांचेही फोटो! माणसं पैसे देऊन मचाणावर बसली होती आणि तुम्ही जानेवारीच्या थंडीत चना राखायला फुकट जागलीला बसता, गुडघे धरून. हसू आलं आणि मग नाही आलं.

मामांना विचारलं की वाघ आहे तर डुकरं कमी झाली का गावात. ते म्हणाले, "कायची कमी जी, वाघ खाऊन खाऊन किती खाते? मले वाघाचा राग नाई येत, डुकराचा येते." मग थोडं थांबून, "वावर माह्या नावावर हाये, भाडं टायमावर येते, जागल सुटली. पण आता त्यात मले काही पेरता येत नाई, ते लागते मनाले." हे त्यांनी मला सांगितलं, त्या फोटोवाल्यांना नाही. म्हणून हे सगळं गोड गोड आहे असं समजू नका.

तिथल्या मॅनेजरने आणखी एक सांगितलं ते बाबांना आवडेल. दक्षिण आफ्रिकेत असे खाजगी राखीव भाग मोठाले आहेत, फिंडा म्हणून एक आहे, 1991 मध्ये सुरू झालं, आधी तिथं ढोरं चरायची आणि अननस, घायपाताची शेती व्हायची. चहूबाजूनं कुंपण घातलं आणि सिंह, गेंडे, हत्ती ट्रकमध्ये घालून आणून सोडले. तिकडं कुंपणातलं जनावर जमीन मालकाचं धरतात, विकतासुद्धा येतं. आपल्याकडे उलटं आहे, 1972 च्या कायद्यानं वन्य प्राणी सरकारचा, तुमच्या वावरात आला तरी तुमचा नाही, तुम्ही त्याला ना आणू शकत ना धरू शकत ना विकू शकत. मग इथं मालकाच्या हातात काय आहे? फक्त जागा मोकळी सोडणं. आले तर आले. मला हे जास्त पटलं, आणि ताडोब्यातही हेच झालंय, जामणी आणि रामदेगीजवळचं नवेगाव ही गावं बाहेर नेली तेव्हा त्यांच्या वावरांच्या जागी कुरणं झाली आणि आता वाघ तिथंच दिसतात, कोणी आणून सोडले नाहीत.

तुम्ही म्हणाल वाघाचं कौतुक आम्हाला सांगू नको. माहीत आहे. 2018 मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागात काय होतं ते मी फोनवरून ऐकत होते, कापूस वेचायला बाया मिळत नव्हत्या, माणसं घोळक्यानं काठ्या घेऊन वावरात जायची, त्या टी-1 वाघिणीवर तेरा माणसं मारल्याचा ठपका होता आणि शेवटी 2 नोव्हेंबरला बोराटीकडं तिला गोळी घातली. पुण्यात लोक तिच्यासाठी मेणबत्त्या लावत होते आणि आई संध्याकाळी चारलाच दार लावून बसायची. मला त्या मेणबत्त्यांचा राग आला होता, अजूनही थोडा येतो. पण त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या टिपेश्वर अभयारण्यातला तो रेडिओ कॉलर लावलेला वाघ आठवतो का, जो चालत चालत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला? 1300 किलोमीटरच्या वर चालला म्हणे, पऱ्हाटीतून, तुरीतून, नाल्यानाल्यानं. तो वाघ राहायला जागा मागत नव्हता, त्याला नुसतं जायचं होतं.

म्हणून नाल्याकडचं वावर.

त्या नागपूरवाल्याला ते फार्महाऊससाठी देऊ नका, निदान दिवाळीपर्यंत तरी शब्द देऊ नका. त्या वावराच्या एका बाजूला वनखात्याचं जंगल, दुसऱ्या बाजूला नाला, तिथं भिंत आणि डीजे आला की जनावरं वळून घराकडच्या वावरात शिरणार, म्हणजे आपल्याच आणि पल्याडच्या काकांच्या. माझं म्हणणं एवढंच की यंदा खरिपात त्याचा जंगलाकडचा अर्धा भाग पेरू नका. सगळा नाही. त्या अर्ध्यात तसंही गेल्या साली काय हाती आलं ते तुमच्या लाल वहीत आहे, बियाणं, खत, फवारणी, वेचाई काढून बघा, जागलीची मजुरी तर तुम्ही लावतच नाही.

पण एक गोष्ट मामांनी बजावून सांगितली आणि ती खरी आहे. मधलंच एखादं वावर पडीक सोडलं की ते डुकरांचं घर होतं, दिवसा तिथं लपतात आणि रात्री शेजाऱ्याचं खातात, मग शेजारी तुमच्या नावानं बोटं मोडणार. म्हणून काकांशी आधी बोला, भांडण नको. आणि कुंपण टाकायचं तर लोक टाकतात तसं जंगलाच्या बाजूनं नाही, पडीक आणि पेरलेल्या जमिनीच्या मधून टाकायचं, जंगलाकडून उघडं, गावाकडून बंद. सौर कुंपण, झटकावालं, त्याला अनुदान मिळतं वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतून, वनरक्षकाला विचारा. तारेत सरळ लाईन सोडायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी, त्यानं डुक्कर मरायच्या आधी माणूस मरतो आणि आजूबाजूला कोणी सोडलेली असेल तर तुम्ही रात्री त्या धुऱ्यानं जाऊच नका.

दुसरं, सातबाऱ्यावर तेवढं पडीक लागेल, ई-पीक पाहणीत तेवढ्याचं पीक दिसणार नाही, मग विमा नाही आणि सोसायटीचं कर्जही तेवढं कमी बसेल, हे तलाठ्याला आणि सोसायटीच्या सचिवाला पेरणीच्या आधीच विचारून घ्या. उद्या कोणी भाड्यानं मागायला आलंच तर रजिस्टर करार, ठरलेली वर्षं, नुसत्या स्टॅम्पपेपरवर काही लिहून द्यायचं नाही, आणि मला दाखवल्याशिवाय सही नाही. मला तरी वाटत नाही कोणी येईल, आपल्याकडे पर्यटक येत नाहीत आणि दीड-दोन एकरावर रिसॉर्ट होत नाही, त्या स्वप्नात राहू नका. भाड्याचं जे व्हायचं ते होईल, त्या तुकड्याचं जे सुटत होतं ते दर साली मी देते. चिडू नका बाबा, उपकार म्हणून नाही, पुढं ते वावर माझ्याच नावावर व्हायचंय ना, मग माझाही हिशोब आहे त्यात.

आई, तू मोह वेचायला पहाटे एकटी जातेस हे मला काकूकडून कळलंय. वाकून वेचणारं माणूस जनावराला चार पायाचं दिसतं, बरेच हल्ले तसेच होतात. उजाडल्यावर जा, तिघी-चौघींनी जा, बोलत राहा. झाडाखालचा पाला जाळू नको, ती आग पुढं कुठं जाईल सांगता येत नाही.

बाबा, लाल वहीतल्या नाल्याकडच्या पानाचा फोटो काढून पाठवा, हिशोब मी करते. आणि काकांशी बोललात की काय म्हणाले ते फोनवर सांगा, तेव्हा मात्र लगेच ठेवू नका.

तुमची,
मोठी