खंडव्याच्या पुढे

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप नाना आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

स्वित्झर्लंड रद्द करून काश्मीरला, गुलमर्गला जायचं म्हटलं, तर दुपारी फोनवर नाना म्हणालात, "आमच्यामुळे पोरांचं स्वित्झर्लंड बुडवू नका." मी तेव्हा गप्प बसले. फोनवर माझा आवाज चढतो, मग आई मध्ये पडून विषय बदलते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून आता सगळी निजल्यावर लिहायला बसले आहे.

आधी खरं ते सांगते. तुमचा यात काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. नानांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी कंपनीच्या कामाने जर्मनीत होते. तुम्ही मला तिसऱ्या दिवशी कळवलंत. "तू तिकडून काय करणार होतीस?" असं आई म्हणाली. ते खरंच होतं, म्हणून तर अजून मनाला लागून आहे. परत येताना विमानात रात्रभर समोरच्या पडद्यावर त्या नकाशातलं बारकं विमान बघत बसले होते. अरबी समुद्र संपता संपेना. त्या रात्रीपासून, मुलांना घेऊन लांब कुठे जायचं म्हटलं की पहिला विचार येतो तो तिथून तुमच्याकडे भुसावळला पोचायला किती तास लागतील, हाच.

पण एवढंच कारण असतं तर आम्ही महाबळेश्वर गाठलं असतं. मुलांना बर्फ हवा आहे, आणि तोही नुसता बघायला नाही. गेल्या वर्षी मनालीजवळ सोलंगला दोनच दिवस स्की केलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आई, तू विचारलं होतंस की त्या फळ्यांवर पोरं उभी तरी कशी राहतात. सांगते. आधी पायात प्लॅस्टिकचे जाडजूड बूट चढवतात. ते इतके ताठ असतात की घोटा वाकत नाही, म्हणून चालताना टाच आधी टेकवावी लागते. मग बुटाचं पुढचं टोक पट्टीवरच्या खाचेत घालायचं आणि टाच जोरात खाली दाबायची. खट्ट आवाज आला की पाय पक्का बसला. उतारावर दोन्ही पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची आणि मागची लांब फाकवायची, की वेग मरतो. डाव्या पायावर भार दिला की माणूस उजवीकडे वळतो. मोठीला हे पहिल्या दिवशी दुपारपर्यंत जमेना. ती सारखी पायांकडे बघायची. शिकवणारे गृहस्थ तुमच्याच वयाचे होते, नाना. तिच्या पुढे पाठमोरे घसरत ते एकच सांगत राहिले, जिथे जायचंय तिथे बघ. तिने मान वर केली आणि सरळ त्यांच्यापर्यंत आली. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. दहावीच्या आधी तिला हे नीट शिकवायचंय, चांगले पाच-सहा दिवस देऊन.

स्वित्झर्लंडला आम्ही तुम्हालाही नेणार होतो. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, सगळं जमल्यावर सांगू म्हटलं होतं. व्हिसाला मोठ्या माणसाचे 90 युरो लागतात, शिवाय किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा असल्याशिवाय व्हिसाच मिळत नाही. नानांच्या स्टेंटचं ऐकल्यावर त्या प्रवास कंपनीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, आजोबांना घरीच ठेवा ना." वाईट हेतूने नाही म्हणाला, पण मी फाइल उचलली आणि निघाले. घरी आल्यावर ह्यांना विचारलं, आपल्याला आल्प्स बघायचेत की मुलांनी आजी-आजोबांसोबत बर्फात आठ दिवस काढायला हवेत? ह्यांनी उत्तर दिलं नाही, सरळ लॅपटॉप उघडून गुलमर्ग शोधायला लागले.

तेव्हा ठरलंय ते असं. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. चिल्लई कलान, म्हणजे तिकडचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, 21 डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीअखेर संपतात. त्यानंतर थंडी सोसण्याइतकी होते आणि डोंगरावर बर्फ साचलेला असतो. दरवर्षी असतोच असं नाही, हेही सांगते. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, आणि 2025 ला बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले. पण उघड्या उतारांचा धोका आता आल्प्समध्येही आहे, आणि तिथे तो कितीतरी जास्त पैसे मोजून घ्यावा लागतो. शिकायला गुलमर्ग कुठे कमी नाही. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटा खेळाडू गेला होता, आरिफ खान. तो याच उतारांवर शिकलेला.

आता नाना, तुमच्याबद्दल.

गार्ड म्हणून तुम्ही सावद्याहून भरलेली केळीची मालगाडी खंडव्यापर्यंत न्यायचात. तिथे दुसरे गार्ड चढायचे, गाडी दिल्लीकडे निघायची आणि तुम्ही परत. पहाटे क्वार्टरच्या पायरीवर लाइन बॉक्स, तुमची ती ड्युटीची पेटी, टेकवल्याचा आवाज आला की आई स्टोव्ह पेटवायची. मफलर सोडवायला तुमची बोटं वळायची नाहीत, मीच गाठ सोडायचे. ब्रेकमध्ये, म्हणजे गार्डच्या त्या शेवटच्या डब्यात, ना दिवा ना दार धड, चारी बाजूंनी वारं. मी विचारायचे, खंडव्याच्या पुढे काय आहे? तुम्ही म्हणायचात, इटारसी. आणि त्याच्या पुढे? भोपाळ, झाशी, आग्रा, अशी स्टेशनं घडाघडा सांगत पार जम्मूपर्यंत जायचात. सगळी तोंडपाठ, पण बघितलेलं एकही नाही. रेल्वेचा पास दरवर्षी मिळायचा आणि तो लग्नांना, दहाव्यांना आणि पंढरपूरला संपायचा.

झेलम एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळी सुटते आणि मध्यरात्र उलटल्यावर भुसावळला येते. आम्ही चौघं आधीच गाडीत असू, तुम्ही दोघं प्लॅटफॉर्मवर या. एकच गाडी थेट जम्मूपर्यंत, मध्ये कुठे सामान हलवायचं नाही. पहाटे खंडवा येईल तेव्हा मी तुम्हाला उठवणार आहे.

जम्मूहून कटऱ्याला जायचं आणि तिथून श्रीनगरची वंदे भारत धरायची. जून 2025 मध्ये सुरू झाली ती. तीनेक तासांचा प्रवास आहे आणि वाटेत चिनाबचा पूल लागतो. नदीच्या पात्रापासून 359 मीटर उंच, 1,315 मीटर लांब, जगातला सगळ्यात उंच रेल्वे पूल. त्याची एकच पोलादी कमान 467 मीटरची आहे. वर्तमानपत्रातलं त्याचं कात्रण तुम्ही देवघराशेजारच्या कपाटाला आतून चिकटवलंय, ते मी दिवाळीत पाहिलं. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही बोलले नाही. गाडी पूल ओलांडून लगेच बोगद्यात शिरते म्हणे. म्हणून खिडकीची जागा तुमची, धाकट्याने कितीही हट्ट केला तरी.

आई, पहलगामचं तुझ्या मनातून जात नाही, ठाऊक आहे मला. 22 एप्रिल 2025 च्या त्या हल्ल्यात जे गेले त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. माझ्याही मनातून गेलेलं नाही. तिकडे नेहमी जाणाऱ्या तिघांशी मी बोलले आहे. निघायच्या आठवड्यात परिस्थिती बघू, आणि वाटलं तर तिकिटं रद्द करू. तेवढं वचन देते. पण त्या डोंगरांत घोडे आणि स्लेज ओढून पोट भरणारी माणसं आहेत, सगळा हंगाम आपल्यासारख्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. भीतीपोटी कधीच जायचं नाही, हे मला पटत नाही.

थंडीचं म्हणशील, तर ती तुझ्या ओळखीची आहे. सावद्याला मामाच्या बागेत पारा दहाच्या खाली गेला की पानं पिवळी पडायची, घड निसवायचे थांबायचे, आणि तुम्ही रात्री बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करत जागायचात. ती थंडी तिकडूनच येते. पश्चिमी झंझावात काश्मीरवर बर्फ टाकून पुढे सरकतो आणि मागून उत्तरेचं वारं आपल्या खानदेशात उतरतं. इतकी वर्षं त्या बर्फाची नुसती झळ तुझ्यापर्यंत आली, आता तो बर्फच हातात घे. आतापर्यंत तू गाराच पाहिल्यास, आणि त्या पडल्या की तुझ्या पोटात गोळा यायचा. हा बर्फ तसा नाही, कापसासारखा पडतो, आवाज न करता. तिकडे बायका फेरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या, आत कांगडी धरून बसतात, वेताच्या टोपलीतलं निखाऱ्याचं मडकं. तुझ्या गुडघ्यांना ती आवडेल. चालायचं नसेल तिथे स्लेजवर बसायचं.

डॉक्टरांना मी तुमच्या नकळत विचारलंय. पहिली रात्र श्रीनगरला काढायची, ते समुद्रसपाटीपासून 1,600 मीटरच्या आसपास आहे. मग गुलमर्ग, 2,650 मीटर. एवढं चालेल म्हणाले. दोन दिवस दगदग नाही, औषधं हाताशी, आणि गोंडोल्याने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, वर अफरवट डोंगराच्या टप्प्याला जायचं नाही, ती जागा 4,000 मीटरच्या जवळ जाते. मुलं शिकतात तो उतार खालीच असतो. बाकावर बसून दिसेल सगळं.

आणि पैशाचं. लेकीच्या, जावयाच्या पैशावर फिरायचं नाही, हे तुम्ही बोलून दाखवणार नाही, पण मनात तेच असणार. नाना, झेलमचा प्रवास तुमच्या पासावर होऊ दे, तो तुमच्या नोकरीचा आहे. पुढचं तिकीट आणि हॉटेल आम्ही बघतो. ह्यांचे आई-वडील आमच्याबरोबर फिरतात तेव्हा कोणी हिशेब मांडत नाही. मला दोन घरं आहेत असं तुम्हीच माझ्या लग्नात म्हणाला होतात.

आई, वाटेत कळण्याच्या भाकरी टिकायच्या नाहीत, दशम्या कर. आणि बिबडे घे थोडे, गुलमर्गला शेगडीवर भाजू. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर. त्याआधी नानांनी पास काढून ठेवावा आणि तो काळा मफलर उन्हात टाकावा. पेटीतच असेल, डांबराच्या गोळ्यांखाली.

तुमची,
ताई