‘विकत घ्या’ म्हणून पैसे घेतले आणि चित्रपट परस्पर काढून नेले, याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार निवारण विभाग

तुमच्या ग्राहक सेवेतल्या माणसानं आत्ताच माझा फोन कापला. म्हणून हे लेखी कळवते.

माझ्या खात्यातल्या ‘माझी खरेदी’मधून जुने मराठी चित्रपट आणि दोन नाटकांची चित्रीकरणं गायब झाली आहेत. तुमच्या ॲपवर दोन बटणं असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. एक भाड्याचं, लावल्यापासून ४८ तास. दुसरं ‘विकत घ्या’, त्याच्या कितीतरी पट किमतीचं. मी दुसरं दाबलं ते समजून-उमजून. आईचे गुडघे गेले आहेत, नाट्यगृहाच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, आणि आवडलेलं नाटक तिला पुन:पुन्हा बघायचं असतं. पावत्या जपून ठेवल्या आहेत. त्यांवर ‘खरेदी’ असंच छापलंय, जीएसटीसकट. आता तिथे ‘हे शीर्षक उपलब्ध नाही’ एवढंच दिसतं. आधी एक मेलसुद्धा नाही.

फोनवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, हक्कधारकाबरोबरचा आमचा करार संपला.” संपला असेल. तो करार तुमचा होता, माझ्या पैशांचं काय? तर म्हणे, “तुम्ही चित्रपट घेतलाच नव्हता, बघण्याचा परवाना घेतला होता. अटींमध्ये लिहिलंय.” मग बटणावर तसं का लिहीत नाही, असं विचारलं, तर “सगळीकडे असंच असतं.” मी म्हटलं, डाउनलोड केलेली फाइल अजून माझ्या टॅबमध्ये जागा अडवून बसली आहे, ती तुमच्या ॲपबाहेर चालू न देणारं तेवढं डिजिटल कुलूप काढून द्या, पेन ड्राइव्हवर घेते आणि विषय संपवते. इथे त्याचा सूरच बदलला. “मॅडम, याला पायरसी म्हणतात. असं काही केलंत तर खातं बंद होईल. कॉल रेकॉर्ड होतोय.”

जन्मभर बँकेत कॅश सांभाळली मी. एका रुपयाचा हिशेब कधी चुकला नाही. पैसे मी मोजले, वस्तू तुम्ही नेली, आणि चोर मी? वर शंभर रुपयांचं कूपन देऊ केलं. तेही भाड्याच्या चित्रपटांसाठी, तीस दिवसांत वापरायचं!

भाच्यानं गायब झालेल्यांतल्याच एका नाटकाची फुकटची लिंक पाठवली होती. मी ती उघडली नाही, कारण ज्यांनी रंगमंचावर घाम गाळला त्यांना त्यांचे पैसे मिळायला हवेत असं मला मनापासून वाटतं. त्या लिंकवरच्या प्रतीला तुमचं कुलूप नाही. ती कुठल्याही यंत्रावर चालते, कुणी परत नेत नाही. माझ्या पैसे भरलेल्या प्रतीला मात्र घरचा जुना प्रोजेक्टर लावला की नुसता आवाज येतो, पडदा काळा. त्यात एचडीसीपी, म्हणजे नक्कल रोखणारी सोय, नाही म्हणे. म्हणजे तुमचं कुलूप चोराला अडवतच नाही, ते फक्त माझ्यासारखीलाच अडवतं. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या आमच्या व्हीसीडी आजही लागतात. विकणारं दुकान कधीच बंद झालं, पण तबकड्या न्यायला कुणी दारात आलं नाही.

आणि मला कायद्याची भीती घालू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५अ मी वाचलंय. कुलूप तोडण्याची शिक्षा तिथे कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूशी जोडलेली आहे. कलम ५२ खासगी वापरासाठीचा रास्त व्यवहार मान्य करतं. तरीही मी काहीच तोडलं नव्हतं, तुमच्याकडेच मागत होते.

‘सगळीकडे असंच असतं’ हेही खरं नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा वाचकांना पुस्तकांचे पूर्ण पैसे परत दिले. २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडल या पुस्तक वाचायच्या यंत्रातून परस्पर काढली, तेव्हा पैसे तर दिलेच, शिवाय कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून, मिळतो तो केवळ परवाना आहे असं ठळकपणे सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ लिहिता येत नाही. तुम्ही मला शंभर रुपयांचं कूपन देता. भाड्यासाठी!

गेलेल्या प्रत्येक शीर्षकाची पूर्ण रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करा, वॉलेटमध्ये नको. पायरसीचा आरोप लेखी मागे घ्या. आणि ते बटण बदला.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. तुमच्या अटींमध्ये न्यायक्षेत्र मुंबई लिहिलंय, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे मी राहते तिथेच, कोल्हापुरात, दावा लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही. कॉल रेकॉर्ड होत होता ना? तो जपून ठेवा, आयोगापुढे मीच मागणार आहे.

तुमची ग्राहक,
कोल्हापूर

सोबत: पावत्यांच्या प्रती