बावन्न कोटींचे केळे आणि आपले सोयाबीनचे पैसे

पुणे,
१५ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, न्यू यॉर्कमध्ये भिंतीला चिकटपट्टीने लावलेले एक केळे बावन्न कोटी रुपयांना विकले गेले ही बातमी खरी आहे का, आणि खरी असेल तर चित्रकला शिकलेल्या तुमच्या मुलीला त्यात कला दिसते का, असे तुम्ही फोनवर विचारले होते. त्याच बोलण्यात काकांच्या धाकट्याचा विषयही निघाला. माझी चित्रे इंटरनेटवर ‘एनएफटी’ म्हणून, म्हणजे मालकीची संगणकावरची नोंद म्हणून, विक्रीला काढावीत आणि सोयाबीनच्या आलेल्या पैशांतून तुम्हीही तशी काही डिजिटल चित्रे घेऊन ठेवावीत, असा त्याचा आग्रह आहे, असे तुम्ही सांगितले. या दोन्ही गोष्टींची मुळे एकाच ठिकाणी आहेत आणि ती उलगडून सांगायला फोन पुरत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आई, तूही हे पत्र वाच, कारण घरातल्या पैशाचा निर्णय तुझ्या संमतीशिवाय होऊ नये असे मला मनापासून वाटते.

बातमी खरी आहे. ती कलाकृती मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन कलाकाराची असून तिचे नाव ‘कॉमेडियन’ असे आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मायामीच्या कलामेळ्यात ती प्रथम मांडली गेली, तेव्हा तिची किंमत १ लाख २० हजार डॉलर होती. तिथे दुसऱ्या एका कलाकाराने सगळ्यांसमोर ते केळे भिंतीवरून काढून खाल्ले, आणि गॅलरीच्या लोकांनी शांतपणे दुसरे केळे लावले. परवाच्या २० नोव्हेंबरला सदबीज या लिलावगृहाने तिची एक प्रत विक्रीला काढली. दहा ते पंधरा लाख डॉलर येतील असा त्यांचा अंदाज होता; बोली ५२ लाखांवर थांबली आणि लिलावगृहाचे शुल्क धरून घेणाऱ्याला ६२ लाख डॉलर मोजावे लागले. त्या पैशांत त्याला एक प्रमाणपत्र मिळाले आणि केळे जमिनीपासून किती उंचीवर लावायचे, किती दिवसांनी बदलायचे याच्या लेखी सूचना मिळाल्या. केळे सडणारच आहे. पुढची केळी घेणाऱ्याने आपली आपण आणायची.

यात कला आहे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी टाळणार नाही. मला त्यात एक विचार दिसतो आणि तो विचार मी खोटा मानत नाही. १९१७ मध्ये मार्सेल द्युशांप या फ्रेंच कलाकाराने न्यू यॉर्कच्या एका प्रदर्शनाकडे दुकानातून आणलेले चिनी मातीचे मुतारीचे भांडे पाठवले. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची कृती मांडायची असा त्या प्रदर्शनाचा नियम होता, तरीही ते भांडे नाकारले गेले, आणि त्या नकारामुळेच कलाकृती कोण ठरवतो हा प्रश्न उघडा पडला. पुढे ईव्ह क्लाइन या चित्रकाराने १९५९ पासून तर रिकामी जागाच विकली. घेणाऱ्याने सोने द्यायचे आणि क्लाइनने पावती लिहून द्यायची. घेणाऱ्याने ती पावती जाळून टाकली, तर क्लाइन त्यातले अर्धे सोने सीन नदीत फेकत असे. त्या व्यवहारात घेणारा आणि देणारा दोघेही काही तरी सोडत होते, म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो. मात्र एका खरेदीदाराने न जाळता जपून ठेवलेली अशीच एक पावती एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसच्या लिलावात दहा लाख युरोंहून अधिक किमतीला गेली, आणि मला खटकते ते इथे. विचार क्लाइनचा होता. दहा लाख युरो त्या विचाराचे मोल नाही, ते केवळ एका दुर्मीळ कागदाचे आहे.

बाबा, हर्रास काय असते हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. बाजार समितीत आपल्या ढिगासमोर हर्रास सुरू होते, तेव्हा व्यापारी ढिगात हात घालून मूठभर दाणे तळहातावर पाहतो, ओलावा आणि काडीकचरा जोखतो आणि मग बोली लावतो. या वर्षी हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात सोयाबीन चार हजारांच्या आसपास गेले, याचे दुःख तुमच्याइतकेच मलाही आहे. तरी त्या बोलीमागे एक तेलाची गिरणी उभी असते, ढेप घेणारा कोणी असतो, आणि माल कोणाच्या तरी उपयोगाला येणार असल्यामुळे भाव अगदी शून्यावर जाऊ शकत नाही. कलेच्या मोठ्या लिलावात असा आधार नसतो. तिथे भाव उभा राहतो तो केवळ पुढे कोणी तरी याहून अधिक देईल या विश्वासावर, आणि तो विश्वास तयार करण्याची व्यवस्था फार पद्धतशीर असते. मोठ्या किमतीच्या कृतींच्या बाबतीत लिलावगृह अनेकदा विकणाऱ्याला किमान रकमेची हमी आधीच देते. ती जोखीम एखादा तिसरा माणूस पत्करतो, अमुक रकमेपर्यंत मी घेईनच असे आधीच कबूल करतो आणि त्याबद्दल त्याला मोबदला मिळतो. एकाच कलाकाराच्या अनेक कृती ज्याच्याजवळ आहेत, त्याला त्यातली एक महाग विकली गेली की उरलेल्या सगळ्या घरबसल्या महाग होतात. त्यामुळे लिलावात पुकारलेली किंमत ही वस्तूची योग्यता नसून काही थोड्या लोकांच्या सोयीचा आकडा असू शकतो.

हे केळे घेणारा जस्टिन सन हा क्रिप्टो चलनाच्या, म्हणजे केवळ संगणकावर चालणाऱ्या खासगी पैशाच्या, धंद्यातला माणूस आहे. ‘ट्रॉन’ नावाचे चलन त्याने काढले. बनावट उलाढाल दाखवून भाव फुगवल्याचा आरोप ठेवून अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने मार्च २०२३ मध्ये त्याच्यावर दावा दाखल केला होता. २९ नोव्हेंबरला हाँगकाँगमध्ये पत्रकारांना बोलावून त्याने ते केळे सर्वांसमोर खाल्ले आणि अशा कलेची तुलना एनएफटीशी केली. त्याचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले आणि आपल्या गावच्या पारावरही पोहोचले. ज्याचा सारा धंदा लोकांच्या लक्षावर चालतो, त्याच्यासाठी ही रक्कम जाहिरातीवरचा खर्च आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आई, या सगळ्या प्रकारात मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते वेगळ्याच माणसाने. लिलावातले ते केळे जवळच्या रस्त्यावरच्या फळगाडीवरून ३५ सेंटला, म्हणजे सुमारे तीस रुपयांना आणले होते. ते विकणारा चौऱ्याहत्तर वर्षांचा बांगलादेशी गृहस्थ दुसऱ्याच्या मालकीच्या गाडीवर ताशी १२ डॉलरवर उभा राहतो, आणि आपल्या हातच्या केळ्याचे काय झाले हे एका पत्रकाराकडून कळले तेव्हा तो रडला, असे मी वाचले. सनने मग त्याच गाडीवरून एक लाख केळी विकत घेण्याची घोषणा केली. पण गाडी त्या गृहस्थाची नसल्यामुळे नफा आधी मालकाच्या हाती जाणार होता. आपल्या अकोट पट्ट्यात केळीचा घड तयार व्हायला जवळपास वर्ष जाते, वाऱ्याने खोड मोडले तर तेही वाया, हे तू जाणतेस. म्हणून त्या वृद्धाच्या डोळ्यांतल्या पाण्याचा अर्थ तुला मी समजावून सांगावा लागणार नाही.

आता धाकट्याच्या सांगण्याकडे वळते. एनएफटी म्हणजे चित्र नव्हे, तर अमुक नोंद अमुक खात्याच्या नावावर आहे असे सांगणारी, जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली एक ओळ असते. चित्र बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या संगणकावर असते आणि त्या ओळीत त्याचा केवळ पत्ता असतो. ती विकत घेतल्याने चित्राचे छपाईचे हक्क आपोआप मिळत नाहीत, आणि तेच चित्र इतरांनी पाहू नये किंवा उतरवून घेऊ नये असे बंधनही येत नाही.

मार्च २०२१ मध्ये बीपल नावाच्या अमेरिकी कलाकाराच्या पाच हजार छोट्या चित्रांची एकत्र जुळणी एनएफटी म्हणून क्रिस्टीज या लिलावगृहाने ६ कोटी ९३ लाख डॉलरना विकली. त्या वेळच्या दराने ते पाचशे कोटी रुपये होतात. घेणारा सिंगापूरमध्ये राहणारा आपलाच एक तामिळ माणूस होता. त्याने आधीच बीपलची वीस चित्रे घेऊन त्यांच्या मालकीचे छोटे हिस्से टोकन म्हणून बाजारात आणले होते; लिलावाच्या दिवसांत त्या टोकनचा भाव खूप चढला आणि नंतर कोसळला. स्वतः बीपलने मात्र मिळालेले क्रिप्टो चलन लगेच डॉलरमध्ये बदलून घेतले. त्याच महिन्यात ट्विटरच्या संस्थापकाने लिहिलेले पहिले ट्वीट २९ लाख डॉलरना, म्हणजे सुमारे २१ कोटी रुपयांना विकले गेले. वर्षभराने घेणाऱ्याने ते ४ कोटी ८० लाख डॉलर मागून विक्रीस काढले, आणि बोलीची मुदत संपली तेव्हा सर्वांत मोठी बोली सुमारे २८० डॉलरची, म्हणजे एकवीस हजार रुपयांची होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘क्रिप्टोपंक’ या एनएफटी मालिकेतले एक चित्र ५३ कोटी डॉलरना विकल्याची नोंद झाली. प्रत्यक्षात मालकाने काही क्षणांसाठी उसनवार घेतलेल्या पैशाने ते स्वतःलाच विकले होते. तुमच्या बाजारात आपल्याच मालावर आपणच बोली लावणाऱ्याला अडते आणि व्यापारी दुसऱ्या दिवशी उभे करणार नाहीत. एनएफटीच्या बाजारात मात्र त्याची विक्री म्हणून कायमची नोंद होते. पुढे २०२३ मध्ये ७३,२५७ एनएफटी संग्रहांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या ६९,७९५ संग्रहांची बाजारातली किंमत शून्य निघाली.

प्रत्येक फेरविक्रीत कलाकाराला वाटा मिळतो, हा धाकट्याचा मुद्दा ऐकून मलाही आशा वाटली होती, कारण कलाकारावर होणारा अन्याय खरा आहे. आपल्या नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे दिल्लीतल्या निजामुद्दीनमधल्या एका छोट्या खोलीत राहिले, वर्षाला मोजकीच चित्रे करत राहिले आणि २००१ मध्ये गेले. त्यांचे १९६१ मधले एक चित्र मार्च २०२१ मध्ये सुमारे चाळीस कोटींना विकले गेले. त्या चाळीस कोटींनी त्यांच्या हयातीतला एकही दिवस सुकर केला नाही. तरीही त्या चित्रासमोर उभे राहिले की काही तरी मिळते, आणि उद्या त्याचा भाव पडला तरी ते मिळणे थांबणार नाही. एनएफटीच्या बाजाराने कलाकाराला कायमचा वाटा देऊ असे वचन दिले खरे, पण ग्राहक कमी होताच ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनसी या सर्वांत परिचित बाजारपेठेने तो वाटा देणे घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडले. म्हणून माझी चित्रे मी तिथे ठेवणार नाही. नागपूरच्या प्रदर्शनात ज्यांना ती भिंतीवर लावावीशी वाटतील त्यांनी घ्यावीत आणि माझ्या श्रमांचे चीज व्हावे, एवढी माझी अपेक्षा आहे.

बाबा, या महिन्यात बिटकॉइन हे क्रिप्टो चलन एक लाख डॉलरच्या वर गेले आहे, त्यामुळे येत्या काही आठवड्यांत गावात अशी बोलणी आणखी वाढतील. भाव शिखरावर असतानाच आपल्यासारख्या लांबच्या माणसांना बोलावणे येते, कारण आधी घेऊन बसलेल्यांना आपला माल कोणाच्या तरी गळ्यात घालायचा असतो. कायद्याच्या बाजूनेही पाहा: १ एप्रिल २०२२ पासून अशा व्यवहारातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या व्यवहारातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. आपल्या शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही; ते पैसे अशा ठिकाणी नेण्यात काहीही शहाणपण नाही. त्यापेक्षा सोसायटीचे पीककर्ज मुदतीच्या आत भरून टाका, म्हणजे पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ हातचा जाणार नाही. उरलेली रक्कम विहिरीच्या मोटरसाठी आणि आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

धाकट्याला रागावू नका. पदवी घेऊन तो बसून आहे, मोबाइलवर दिवसभर श्रीमंत झालेल्यांच्याच गोष्टी त्याच्यासमोर येतात, आणि तुमचे भले व्हावे असेच त्याला वाटते. त्याने स्वतःचे काही पैसे गुंतवले असतील तर ते कोणाकडून घेतले, किती किमतीला घेतले आणि आज विकायला काढले तर प्रत्यक्ष कोण घेईल, एवढे त्याला शांतपणे विचारा. आपल्या खात्याचा पासवर्ड किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी त्याच्यासह कोणालाही देऊ नका. संक्रांतीला मी गावी येते आहे. तेव्हा त्याच्याशी बसून बोलेन, आणि त्याला संगणकावरच्या चित्रकामात खरोखर गोडी असेल तर पुण्यात त्याच्या शिकण्याची सोय पाहीन. तोवर पैसे बँकेतच असू द्या.

मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद सांगावेत.

आपली लेक