होडी वर ओढली, पण मशीनचे काय?

मा. संपादक,
स. न.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीसाठी किनाऱ्यावर होड्या शाकारल्या जातात, जाळी दुरुस्त होतात. होडीच्या मागे बाहेरून अडकवलेले आउटबोर्ड मशीन मात्र शेवटच्या फेरीनंतर उतरवून तसेच पडवीत आडवे पडते. ऑगस्टमध्ये ते सुरू करायची दोरी ओढून हात भरून येतात आणि खापर मशीनच्या वयावर फुटते. जुने टू-स्ट्रोक मशीन वापरून जेवढे खराब होत नाही, तेवढे पोटात खारे पाणी आणि शिळे पेट्रोल घेऊन दोन महिने बसल्याने होते.

होडी वर घेतली त्याच दिवशी मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात, न्यूट्रलमध्ये, मंद गतीवर १०-१५ मिनिटे चालवावे. पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर हवे. कोरडे चालवले तर इम्पेलरचे, म्हणजे मशीन थंड करणारे पाणी ओढणाऱ्या चाकाचे, रबर काही सेकंदांत जळते. दोन मिनिटांत उरकण्यात अर्थ नाही. गरम झाल्याशिवाय थर्मोस्टॅट, म्हणजे आतली पाण्याची झडप, उघडत नाही, तोवर हेडमधले (सिलिंडरच्या डोक्यातले) मीठ जागच्या जागी राहते. मशीनमधून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक असेल तर तिच्या भोकात तंगूसचा (नायलॉन दोऱ्याचा) तुकडा घालून पाहावा, तरीही फरक नसेल तर इम्पेलर बदलावा. त्याची पाती तुटली असल्यास तुकडे शोधून काढावेत, नाहीतर तेच पुढे पाण्याची वाट अडवतात.

धुऊन होत आले की पेट्रोलची नळी काढून मशीन आपोआप बंद पडू द्यावे आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढावेत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते, मग पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. त्या थरात टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचे इंजिन ऑइल) मिसळत नाही, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. म्हणून मिसळलेले पेट्रोल पुढच्या हंगामासाठी ठेवू नये.

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली, टू-टी ऑइल सोडावे. प्लगच्या वायरी मशीनच्या धातूला टेकवून दोरी दोन-तीनदा हळू ओढावी, म्हणजे तेल सगळीकडे लागते आणि सीडीआय युनिटला (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला) धोका राहत नाही.

गिअर ऑइल, म्हणजे पंख्याजवळच्या गिअरपेटीतले तेल, बहुतेक जण ऑगस्टवर ढकलतात, ते आताच बदलायला हवे. आधी खालचा स्क्रू, मग वरचा उघडावा. तेल दुधाळ आले तर आत पाणी शिरले आहे. पंखा काढून बघा, शाफ्टला गुंडाळलेला तंगूस बऱ्याचदा तिथेच सापडतो. तोच पाणी अडवणारे रबरी सील कापतो. सील न बदलता नुसते तेल भरले तर दोन महिन्यांत बेअरिंग गंजते. स्क्रूच्या टोकाला राखाडी मऊ लेप चालतो, कण किंवा कपच्या मात्र चालत नाहीत. नवे तेल खालून भरावे, वरून बाहेर आले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा, दोन्हींचे वॉशर नवे. गंज स्वतःवर घेणारा झिंकचा तुकडा अर्धा झिजला असेल तर बदलावा, त्यावर रंग लावू नये.

मशीन लाकडी घोडीवर उभेच ठेवावे. मशीनचा पाय (पंख्याकडचे टोक) डोक्यापेक्षा वर गेला तर आत राहिलेले पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये उतरते. प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यास कोकणच्या पावसात आत घाम धरतो, त्यापेक्षा गोणपाट बरे.

ऑगस्टमध्ये सुरू झाले नाही तर आधी प्लगची ठिणगी पाहावी. नसेल तर बंद करण्याच्या स्विचची वायर सोडून पुन्हा बघावे; ठिणगी आली तर गंजलेला स्विच दोषी, कॉइल नव्हे. चालून मधेच दम तोडत असेल आणि नळीवरचा फुगा दाबल्यावर सावरत असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा किंवा नळीची जोडणी तपासावी. कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) तार घालू नये, भोक मोठे होते.

मच्छीमार सहकारी संस्थांना विनंती, मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक बंदरावर गोड्या पाण्याचा नळ, कापलेले पिंप आणि मशीन अडकवायला घोडी एवढी सोय करावी. विहिरी आटलेल्या असताना एकट्या मच्छीमाराला पिंपभर गोडे पाणी मिळणे कठीण असते, आणि मशीन न धुण्याचे मुख्य कारण तेच आहे.

– एक आउटबोर्ड मेकॅनिक, सिंधुदुर्ग