अहो, तो मुघल नाही, विजापूरकर आहे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मिनिएचर पेंटिंगवर पानभर छापलंत, बरं वाटलं, पण मधल्या मोठ्या फोटोखाली 'मुघल बादशहा' वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. अहो, तो दुसरा इब्राहिम आदिलशहा, विजापूरचा! चित्र साधारण १६१५ चं, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधलं. नुसती दाढी बघितली असती तरी कळलं असतं, अकबर-जहांगीर चित्रांत नुसत्या मिशांवर असतात, याची दाढी काळीभोर, भरगच्च.

आता हात बघा. छापील अंकात घडी नेमकी तिथंच आलीय म्हणून मी मोबाइलवर झूम करून बघितलं. तलवार नाही, की मुघल चित्रांत हुंगत असतात तसं फूल नाही, लाकडी चिपळ्या आहेत चक्क, आपल्या कीर्तनकारांकडं असतात ना तसल्याच. राजाचं पोर्ट्रेट काढायचं आणि हातात चिपळ्या! पण माणूसच तसला होता, 'किताब-ए-नवरस' हे गाण्यांचं पुस्तक त्यानं दखनीत, म्हणजे दक्षिणेतल्या जुन्या हिंदी-उर्दू बोलीत लिहिलं, सुरुवात सरस्वतीला नमस्कार करून, लाडक्या तंबोऱ्याचं नाव मोतीखान आणि हत्तीचं आतिशखान, ते दोघंही त्या गाण्यांत आहेत. अकबराचा दूत असद बेग त्याला भेटून गेला, त्यानं लिहून ठेवलंय की सुलतानाला फारसी कळते पण बोलताना अडखळतो, मराठी मात्र चांगली बोलतो. म्हणजे आपल्याशी मराठीत बोलला असता असा माणूस, आणि आपणच त्याला दिल्ली-आग्र्याच्या खात्यात टाकायचं? मिनिएचर म्हटलं की मुघल, ही सवयच लागलीय सगळ्यांना, तुमच्या एकट्याचं काय म्हणा.

आम्हा सोलापूरकरांना विजापूर शंभरेक किलोमीटर. शाळेच्या ट्रिपा जातात, गोलघुमटात हाका मारतात, सात वेळा आवाज घुमला की पोरं खूश, भेळ खाऊन परत. गोलघुमट याच्या पोराचा, महंमद आदिलशहाचा. हा स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला इब्राहिम रोझ्यात, म्हणजे आपल्या कबरीच्या इमारतीत आहे, मी तीनदा गेलोय, तिन्ही वेळा निवांत बसायला मिळालं.

तेवढी दुरुस्ती येत्या रविवारी छापा. फोटोसकट छापणार असाल तर या खेपेला घडी हातावर येणार नाही एवढं बघा.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर