दिन्या, रायफल अजून घेतलेली नाही

प्रिय दिन्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालणार असशील, घाल. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच, आई बरी आहे. लिहायला बसलो कारण घरात कुणाला सांगून उपयोग नाही, सगळे म्हणतात घे एक कुठलीतरी आणि विषय संपव.

सशांसाठी एअर रायफल घ्यायचीय. परवानगी-बिरवानगी सगळं रीतसर झालंय, शेतमालकाचं लेखी आहे, तेव्हा तुझं लेक्चर सुरू करू नकोस. रेंजवर जाऊन दोन्ही चालवून बघितल्या, स्प्रिंगवाली आणि पीसीपी, म्हणजे जिच्यात दाबाने हवा आधीच भरून ठेवतात ती, आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. ३० मीटरवर पीसीपीचे छर्रे एकावर एक बसले, कागदाला शर्टाच्या बटणाएवढं एकच भोक, आणि मी काही कमाल केली नव्हती रे, नुसता चाप दाबला. स्प्रिंगवालीचा त्याच अंतरावर मुठीएवढा पसारा. कागदावर चालतं ते. पण सशाच्या डोक्यात जिथे लागलं पाहिजे ती जागा जेमतेम इंचभर, मुठीएवढ्या पसाऱ्यात तो जखमी होऊन बिळात जाणार आणि तिथे तडफडत मरणार. तेच नको आहे मला.

स्प्रिंगवालीचा दोष म्हणजे छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टन बंदूक हलवतो, एकदा मागे आणि लगेच पुढे. ती सैल धरायची असते, हाताच्या पंजावर नुसती टेकवून, आवळून धरली की गेला नेम. तू म्हणशील सराव कर. बरोबर आहे, पण हे तू म्हणू नकोस! माझा चांगला स्कोप, नेम धरायची दुर्बीण, तुझ्या त्या स्प्रिंगवाल्या धुडावर लावलास आणि आतली क्रॉसहेअर, नेमाची फुली, मोडून आणलीस, वर म्हणालास मूळचाच डिफेक्ट होता. मूळचा कसला, साधा स्कोप मागचा धक्का सहन करतो, पुढचा उलटा झटका नाही, त्यासाठी एअरगनचा वेगळा घ्यावा लागतो. अजून विसरलेलो नाही मी.

बाकी लोक वेग वेग करतात. खोक्यावर छापलेला वेग बरेचदा हलक्या अलॉय छर्‍याचा असतो, शिशाचा टाकला की खाली येतो. आणि आवाजाच्या वेगाच्या आसपास, सेकंदाला ३४० मीटरच्या, छर्रा डगमगायला लागतो, म्हणजे जास्त पैसे देऊन नेम घालवायचा. इंग्लंडमधे बिनपरवाना एअर रायफलच्या ताकदीला १२ फूट-पाउंडची मर्यादा आहे, साधारण १६ जूल, आणि तेवढ्यावर तिथले लोक वर्षानुवर्षं ससे मारतायत. ताकद पुरते रे, जागेवर लागलं पाहिजे.

कॅलिबरचं, म्हणजे छर्‍याच्या जाडीचं, म्हणशील तर .१७७ चा मार्ग सपाट, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी खपतं. .२२ चा छर्रा जड, लवकर खाली येतो पण लागला की बसतो. मी .२२ कडे झुकलोय, गोल डोक्याचा छर्रा, आणि ३० मीटरच्या पुढे चाप दाबायचा नाही म्हणजे नाही. टोकदार छर्रे दिसायला खतरनाक, पण मला तरी त्यांचा भरवसा वाटत नाही.

मग घे की पीसीपी, अडलंय कुठे? हवेवर अडलंय. २०० बार दाबापर्यंत भरावी लागते, म्हणजे गाडीच्या टायरच्या नव्वद-शंभरपट. स्प्रिंगवालीची नळी खाली वाकवली, छर्रा घातला की झाडली, पीसीपीला पंप हवा, सील हवेत, कुठे फुसफुसली की शिकार राहिली बाजूला आणि मी साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत बसणार. आणि हातपंप मारून धापा टाकत लगेच नेम धरायचा म्हणजे ससाच हसेल.

तुझं प्रमोशन झालं म्हणे, मस्त. पोरगी दहावीला ना यंदा? वहिनींना नमस्कार, त्या दिवशीचं त्यांनी मनावर घेतलं नसेल अशी आशा.

हां, तुझा तो तीन टप्प्यांचा हातपंप अजून चालतो का? चालत असेल तर पाठव, मी पीसीपी बुक करतो. स्कोपचे पैसे त्यात वळते करून घेईन.

तुझा,
बंड्या