विमानातल्या दहा तासांची पोतडी

रेडिंग, 11 ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तिकिटं, आमचं संमतीपत्र आणि दोघांच्या पासपोर्टच्या प्रती बाबांना मेल केल्या आहेत. छापून हँडबॅगेतच ठेवा. नुसते आजी-आजोबा नातवंडांना घेऊन आले की हीथ्रोवर अधिकारी चौकशी करू शकतात. हे पत्र मुंबई ते हीथ्रो मधल्या दहा तासांबद्दल आहे.

फ्लाइट सकाळची आहे आणि विमान सूर्यामागोमाग पश्चिमेला येतं, त्यामुळे बाहेर शेवटपर्यंत लख्ख उजेड असतो. मुलं झोपतील हा हिशेब धरूच नका. मल्हारनं तासभर डोळा लावला तरी पुष्कळ. कुणी सर्दीचं औषध पाजून झोपवायचा सल्ला दिला तर ऐकू नका. काही मुलांना त्यानं झोप येण्याऐवजी उलट चेव येतो.

खेळणी थोडीच घ्या, आणि एका वेळी एकच बाहेर काढा. सगळी पिशवी समोर ओतली की अर्ध्या तासात सगळ्याचा कंटाळा येतो. नवीन विकत आणायचीही गरज नाही. घरातल्याच आठ-दहा बारीकसारीक वस्तू आजपासून लपवा, पंधरा दिवसांनी त्या नव्याच वाटतात. प्रत्येक वस्तू वेगळ्या झिपच्या पिशवीत घालून वर वर्तमानपत्र गुंडाळा आणि सुतळी बांधा. सेलोटेप नको, ती सोडताना मल्हार रडकुंडीला येतो. गाठ मात्र त्याला सोडवता येते, आणि तेवढीच पाच मिनिटं जातात. साधारण तासाला एक पुडी, मागितली तरी आधी नाही.

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे कागदी चिकटपट्टी, रंगारी कडेला लावतात ती, इंचभर रुंदीची. ट्रे आधी ओल्या वाइपनं पुसा, त्यावर पट्टीचे रस्ते, चौक, पार्किंग चिकटवा आणि एक छोटी मोटार द्या. आवाज करणारी नको. पट्टी हातानं फाटते, त्यामुळे कात्री लागत नाही (कात्री सिक्युरिटीत अडकेल), आणि काढल्यावर डागही राहत नाही. ओवीला त्याच पट्टीवर पेननं दुकानांच्या पाट्या लिहू द्या.

स्टिकर घ्याल ते फुगीर, परत निघणारे घ्या. कागदी स्टिकर सीटला चिकटले की निघत नाहीत. शीटवरचा स्टिकरांभोवतीचा मोकळा कागद घरीच सोलून टाका. मग नुसते स्टिकर उरतात आणि तीन वर्षांच्या बोटांनाही ते उचलता येतात. नाहीतर दर मिनिटाला ‘आजी, काढून दे’ सुरू. खडू त्रिकोणी आणा, गोल खडू गडगडत तीन रांगा मागे जातात. कणकेचा गोळा न्यायचा मोह आईला होईल, पण तो नको. सिक्युरिटीत बॅग उघडायला लावतील आणि विमानात तो सीटच्या कापडात बसेल.

पाण्यानं रंगणाऱ्या पुस्तकाचा पेन विमान वर पोचल्यावरच भरा. आतला हवेचा दाब 6,000 ते 8,000 फुटांवर असावा इतका कमी होतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही कमी. बंद वस्तूत अडकलेली हवा फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. स्ट्रॉच्या सिपरचंही तसंच. झाकण वर केलं की थेट तोंडावर फवारा. आधी मोठं झाकण अर्धा आटा सैल करा, हवा जाऊ द्या, मग स्ट्रॉ उघडा.

बसायचं असं: मल्हार खिडकीशी, मध्ये आई, तिच्या शेजारी ओवी, आणि बाबा पॅसेजच्या पलीकडच्या सीटवर. ट्रॉली जाताना ओवीचा कोपर आत आहे ना, एवढं बघा. मल्हारला पॅसेजशी अजिबात बसवू नका, गरम चहा त्याच्या डोक्यावरून जातो. दोन-अडीच तासांनी आई आणि बाबांनी जागा बदला. माणूस बदलला की तोच पत्त्यांचा डाव मुलांना नवा वाटतो.

पुढच्या सीटला लाथा बसतात त्यामागे खोडी नसते. लहान मुलाची मांडी आखूड असते, गुडघा सीटच्या कडेपर्यंत पोचत नाही, म्हणून पाय सरळ पुढे येतात. बूट काढा आणि ब्लँकेटची घडी पाठीमागे द्या. मूल पुढे सरकलं की गुडघा वाकतो. पट्टा मात्र नंतर पुन्हा आवळा.

खाणं हाही वेळ घालवायचाच प्रकार आहे. कप्प्यांच्या डब्यात चुरमुरे, छोटी मऊ शंकरपाळी, खजुराचे तुकडे आणि दशमीचे चौकोन भरा. एकेक वेचून खाण्यात वीस मिनिटं सहज जातात. शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, चिक्की मल्हारसाठी नको, घशात अडकू शकतं. आणि हो, पेढे-बर्फी कितीही आग्रह झाला तरी आणू नका, भारतातून दुधाचे पदार्थ इथे आणायला बंदी आहे.

ट्रॉली यायच्या आधी दोघांना शौचालयात नेऊन आणा, जेवणानंतर रांग लागते. फ्लशच्या आवाजाला मल्हार घाबरतो. त्याला आधी बाहेर काढा, मग बटण दाबा.

टॅबलेटवर कार्टून आणि गोष्टी मी उतरवून ठेवल्या आहेत. निघायच्या आदल्या दिवशी इंटरनेट बंद करून प्रत्येक उघडून पाहा, काही अ‍ॅप ऐन वेळी पुन्हा लॉगिन मागतात. हेडफोन वायरचेच घ्या, सीटच्या स्क्रीनला ब्लूटूथ जोडता येईलच असं नाही. पॉवर बँक हँडबॅगेत, चेक-इनमध्ये नाही. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. यंत्रात चिरडलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

टॅबलेट सुरुवातीलाच देऊ नका ही माझी विनवणी. टेक-ऑफला मुलं आपणहून खिडकीत बघतात, तिथे करमणूक लागतच नाही. खरी कसोटी शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासाची: ट्रे बंद, पट्टा बांधलेला, शौचालय बंद, आणि त्यातच कान दुखायला लागतात. उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि कानाची आतली नळी गिळल्याशिवाय नीट उघडत नाही. झोपेत गिळणं कमी होतं, म्हणून मल्हार झोपला असेल तर उतरायला लागण्याआधीच उठवा. सिपरमधून घोट-घोट पाणी द्या, गटागट नको. ओवीला नाक दाबून आवंढा गिळायला आत्ताच शिकवून ठेवा. पुण्यातल्या पावसानं कुणाला सर्दी झाली असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

त्या वेळी ट्रे न लागणारंच काहीतरी हवं. आपडी-थापडी, बोटांवरच्या बाहुल्या, हळू आवाजात भेंड्या, ओवीसाठी वहीवर फुली-गोळा. यात तुमचा हात कुणी धरणार नाही. आणि राखून ठेवलेलं कार्टूनही तेव्हाच काढा, फक्त उतरताना टॅबलेट आत ठेवायला सांगितलं तर लगेच ठेवा.

मुंबईला टर्मिनल 2 मध्ये वेळ उरेल, तेव्हा मुलांना बसवू नका, पळवा. छताला मोरपिसांवरून घेतलेली नक्षी आहे, तिच्यातले ‘डोळे’ मोजायला लावा. बोर्डिंगला बाबांनी आधी जाऊन सामान लावावं आणि आईनं मुलांना घेऊन शेवटच्या गटात चढावं. अर्धा तास तरी सीटवरचा वाचतो. बोर्डिंग पास मात्र आधी वाटून घ्या.

एक पुडी विमानात उघडूच नका. ती हीथ्रोच्या इमिग्रेशनच्या रांगेसाठी.

तुमचा,
अभी

ता. क. – दोघांचा एकेक कपड्यांचा जोड आणि आईचा एक जादा कुडता हँडबॅगेत ठेवा. सांडलं की बहुतेक मांडीवर घेणाऱ्याच्या अंगावरच सांडतं.